खडकावरच्या देवीचा कौल

आमचा बद्रीनाथ कुणालाच न्हाई म्हणत नाही. माझ्या धाकट्या जावेचा, रुक्मिणीबाईचा, हा एकुलता एक. लहानपणी विचारलं, जेवलास का, तर हो. भूक लागली का, तरी हो. गणित कळलं का म्हणून मास्तर विचारायचे, त्यालाही हो. असं करत तो सातवीपर्यंत गेला, मग परीक्षेनं विचारलं. लग्नातही पोरगी दिसायच्या आधीच पसंत म्हणाला. मंगल चांगली निघाली हे त्याचं नशीब. ती हो आणि न्हाई दोन्ही म्हणते, आणि वेळेवर म्हणते.

दरसाल दिवाळी झाली की ही दोघं ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यातच परतायची. त्यांची पोरगी आम्हा दोघी म्हाताऱ्यांजवळ राहायची. आता ती पाचवीत आहे. मागच्या खेपेला मंगल घरी आली तर पोरीनं तिला पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "कवा आलात?" आणि चहा टाकला. मंगलनं तो चहा पिला, कपबशी विसळून ठेवली, आणि म्हणाली की औंदा मी जाणार नाही.

पण न जाता करायचं काय? आमच्या वाडीला पाणी कमी आणि काम त्याहून कमी. भरपूर आहे तो खडक. कपिलधारच्या अलीकडं डोंगर एकदम तुटतो, तिथं भिंतीसारखा उभा, काळा. त्याचा आम्हाला आजवर एकच उपयोग, दुपारची शेळ्यांना सावली.

ह्या खडकासाठी बीडहून मंजुषा आली. बँकेत नोकरीला, अंगानं काडी. सुट्टीच्या दिवशी ही पोरगी दोर बांधून खडक चढते. वर शेळी अडकली म्हणून नाही, मधाचं पोळं आहे म्हणून नाही. नुसती चढते आणि उतरते. ती म्हणाली, लोक खडक चढायला लांब लांब जातात. घरातून निघालं की अर्ध्या तासात असा खडक, हे भाग्य फार थोड्या शहरांना असतं आणि आपलं बीड त्यातलं एक. बीडला भाग्य आहे असं बीडच्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिचा विचार असा की थंडीभर इथं शिबिर लावायचं, बाहेरची माणसं आणायची. स्वयंपाक मंगलचा, तंबू आणि दोर बद्रीनाथनं सांभाळायचे, होळीपर्यंत. बद्रीनाथ हो म्हणाला. त्याच आठवड्यात मोहनराव मुकादम दारात आला, औंदा ऊसतोडीला येतोस ना म्हणून. त्यालाही हो म्हणाला. मंगल मग चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. घरात शांतता आहे म्हणून तो खुशीत होता.

दसऱ्याच्या सुमाराला मंजुषाच्या लोकांनी दोर अडकवायला खडकात लोखंडी कड्या ठोकल्या, पार वरपर्यंत. हात घामानं सटकू नयेत म्हणून ही माणसं पांढरी भुकटी लावतात, त्याचे पंजे जागोजाग उमटले. मंगळवारी रुक्मिणीबाई शेळ्या घेऊन तिकडं गेली. बघते तर पाच बोटांचे पंजे खडकावरून वर वर गेलेले आणि शेजारी चकाकत्या कड्या. तिथं माणूस चढत नाही हे तिला नांदायला आल्यापासून माहीत, आणि त्या काडीएवढ्या पोरीचं चढणं तिनं कधी खरं मानलंच नव्हतं. मग चढलं कोण? देवी.

आमच्याकडं दगडावर खूण दिसली की आधी शेंदूर लागतो, चौकशी मागून होते. दुपारपर्यंत बाया जमल्या. हाताला येतील ते पंजे शेंदूर-तेलानं माखले, वरच्यासाठी वेळूला चिंधी बांधली. रुक्मिणीबाईनं लेकाला विचारलं, देवीच आहे ना? कड्या ठोकताना ह्यानंच पाणी वाहिलेलं. तरी हो म्हणाला.

रविवारी मंजुषा आली, खडकाला हात घातला आणि तेलावरून घसरून दोराला लोंबकळली. हात लाल. आधी तिला वाटलं रक्त आहे. उतरल्यावर तिनं बद्रीनाथला विचारलं, बायांना समजावून सांगाल का? हो म्हणाला. पुढच्या मंगळवारी तेल दुप्पट झालं.

तेव्हा तिनं मंगलला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. देवीबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण तेलकट खडकावर मी माणसं चढवणार नाही. दिवाळीपर्यंत खडक मोकळा झाला तर शिबिर इथं, नाहीतर दुसऱ्या डोंगराला.

मंगल सासूकडं गेली. म्हणाली, आत्याबाई, देवीला खाली पायथ्याला बसवू, तुमचा हात तरी पोचंल. रुक्मिणीबाई म्हणाली, देवी काय कोंबडी आहे का, हुश्श केलं की खाली यायला? कौल लावायचा. दगडाला पाण्यानं दोन फुलं चिकटवायची आणि विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. प्रश्नही तिनंच ठरवला, देवीला वरच राहायचं आहे का? आणि कौल लावायचा तो देवी असेल तिथं, म्हणजे सगळ्यात वरच्या कडीजवळ. मंजुषा म्हणाली मी लावते. पण कौल घरच्या पुरुषानंच लावायचा असतो. बद्रीनाथला विचारलं. तो हो म्हणाला आणि मग त्यानं खडकाकडं बघितलं.

अंघोळ करून, खिशात झेंडूची दोन फुलं घेऊन तो उभा राहिला. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला. दोर वरच्या कडीतून फिरून आलेला, आणि दुसरं टोक खाली मंजुषाकडं.

रुक्मिणीबाईनं तिला खालीवर न्याहाळलं. "हिच्यानं भरली घागर उचलंना, आन ही माझं लेकरू धरनार?"

"आजी, लेकरू पडणार नाही," मंजुषा म्हणाली. "चढेल का, ते मला सांगता येत नाही."

तेल टाळत टाळत, कडेकडेनं चढला. निम्म्यावर थांबला आणि पालीसारखा चिकटला. खाली सगळी वाडी माना वर करून. कुणी म्हणालं शिडी आणा, कुणी म्हणालं नारळ फोडा. मंगल खडकाच्या बुडाला गेली आणि रोजच्या आवाजात बोलली.

"अवो, खाली आलात तर ऊस हाय. वर गेलात तर पोरगी हाय. बगा तुमी."

तो वर गेला. आम्हाला नुसते त्याचे तळपाय दिसत होते. मग रुक्मिणीबाईनं हात जोडले आणि ओरडून विचारलं, "देवीला वरच ऱ्हायचं हाय ना रं? उजवं पडलं ना?"

वरून आवाज आला, "न्हाई माय. डावं पडलं."

"काय म्हनला?" रुक्मिणीबाईनं मला विचारलं. तिला कमी ऐकू येत नाही.

"न्हाई म्हनला," मी सांगितलं.

ती मटकन खाली बसली. देवीचं म्हणणं तिनं सोसलं असतं, लेकाचं जड गेलं. मग पदर सावरून उठली आणि देवीला बसायला जागा शोधू लागली.

त्याच आठवड्यात पायथ्याला गोल दगड बसवला. त्याला आता एवढा शेंदूर लागतो की दगड वर्षभरात दुप्पट होईल. खडक मात्र मंजुषाच्या माणसांनी दोरावर लटकून, साबणानं घासून काढला.

मी बद्रीनाथला एकट्याला गाठून विचारलं, फूल पडताना कुणालाच कसं दिसलं नाही?

"मोठी माय," तो म्हणाला, "दोनी हात खडकाला. फुलं काडायला कोनता सोडू?"

मी रुक्मिणीबाईला काही बोलले नाही. देवीला आठ हात असतात, पण दोन हातांच्या माणसाची अडचण तिला कळत असावी.

मोहनरावकडं तो आपल्या पायानं गेला आणि येत न्हाई म्हणून सांगून आला. हे मंगल सांगते, ती दाराबाहेर उभी होती. मोहनराव काय बोलला ते दोघंही सांगत नाहीत. दिवाळी झाली, ट्रॅक्टर वाडीवरून गेला, हे दोघं तंबूचे खुंटे ठोकत होते.

आता पोरीची वेणी मंगल घालते. पोरगी शाळेला जाताना माझ्याकडं तक्रार घेऊन येते, की आई लई आवळती. मी तिला सांगते, आईलाच सांग. ती जाते, सांगते, आणि तशीच आवळलेली वेणी घेऊन शाळेला पळते.