जिवाणूंनी विणलेला डफ आणि नाशिकची एसटी

“हा पडदा कुणाच्या उपयोगाचा नसेल तर विषय बदलू या,” असं माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी सुनावलं, आणि दुसऱ्याच सकाळी मी नि मैत्रीण शुभा पुण्याहून नाशिकच्या एसटीत बसलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. व्हिनेगरच्या बरणीत जिवाणू जी जाड साय विणतात, ती वाळली की कागदासारखा चिवट पडदा होतो. तो पाणी मात्र ढसाढसा पितो, म्हणून मी रसायन वापरून त्याचा नुसता पृष्ठभाग पाणी न धरणारा करत होते. शुभाचे मनोहरकाका नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी जलशात गात. दमट हवेत त्यांचा कातडी डफ ढिला पडायचा. आमचा पडदा तिथे टिकला, तर माझा विषय वाचणार होता.

खिडकी पकडा, हा माझा पहिला सल्ला. रस्ता तेव्हा असा होता की सिन्नर येईपर्यंत हाडं खिळखिळी झाली. त्यात माझ्या पडद्यांच्या पिशवीचा वास!

“काय गं पोरी, लोणचं सांडलं का? लय आंबट वास येतोय,” मागच्या मावशी म्हणाल्या. नारायणगावची भजी त्यांना दिल्यावर वास सुसह्य झाला.

काकांकडे पोचताच डफाच्या कड्याला खळ लावून पडदा ताणला. खळ ओघळली, पडदा सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. बोंबला! मला रडूच आलं.

“अगं बाई, पाणीच धरत नाही तो, खळ कशी धरेल?” शुभा म्हणाली.

मग मला तो फसलेला पडदा आठवला. आईच्या भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून मी तो रसायनात बुडवला होता. रिंगखालच्या कडेला रसायन लागलंच नाही, म्हणून सरांनी तो बाद ठरवला होता. पिशवीच्या तळाशी होता. त्या कडेवर खळ अशी बसली की बस! काकांच्या दुसऱ्या, लहान डफाला तो बरोब्बर पुरला.

सकाळी काकूंनी हातची मिसळ वाढली. डफ उन्हात खडखडीत वाळला. काकांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, फडक्याने पुसलं आणि थाप मारली. काय आवाज घुमला! शेजारपाजारचे गोळा झाले, काका गायलाच लागले.

“आता पाऊस आला तरी हे थांबणार नाहीत. कठीणंय माझं,” काकू म्हणाल्या.

निघताना मी डफ मागितला, सरांना दाखवायला. काकांनी तो छातीशी धरला. “मागू नको. नाही देणार.”

आता तो रस्ता गुळगुळीत झालाय, जरूर जा. माझ्याजवळ मात्र उरलंय ते परतल्यावरचं प्रयोगशाळेतलं बोलणं.

“पडदा कुठाय?” सरांनी विचारलं.

“काका परत देईनात, सर.”

सर कधी नव्हे ते हसले. “मग विषय कशाला बदलायचा?”