जिला ढोर नाही

रेवाबाईला ढोर नव्हतं. हे पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा काय उपयोग करता येतो हे लोकांना वणव्याच्या दुसऱ्या दिवशी सुचलं.

पाडा खांडबाऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेला. सकाळी स्टेशनावरून निघालेला माणूस ऊन तापायच्या आत तिथं पोचायचा. रेवाबाई तिथली सून. नवरा ठेकेदाराचा साग वाहताना ओंडक्याखाली गेला. पोरबाळ नव्हतं. नवऱ्याची बैलजोडी भावकीनं वाटून घेतली, आणि बाईला काय ठेवलं? जंगलातला एक मोह. आता मोह म्हणजे नुसतं झाड नव्हे बरं का. फुलं वाळवून कणगीत भरली की अख्खा पावसाळा ती शिजवून खाता येतात, आणि बियांचं तेल दिव्यालाही होतं नि भाजीलाही. झाडं उभी जंगलात, पण कुठला मोह कुठल्या घरचा हे शेंबड्या पोरालाही पाठ. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कुणी उचलत नसे. तेवढी लाज त्या काळी होती म्हणायची.

फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पाचोळा जाळायची रीत. जमीन काळी, साफ झाली की पहाटे पडलेली फुलं लांबूनही दिसतात. त्यासाठी आधी भोवतीनं गोल झाडून पट्टा काढायचा, मग आग लावायची, आणि ती विझेपर्यंत हातात ओला डहाळा घेऊन उभं राहायचं. रेवाबाई तर शेवटची ठिणगीही पायानं चिरडल्याशिवाय हलायची नाही.

सरकारला मोहाचं काय सोयरसुतक! सरकारला हवा होता साग. गाड्या भरभरून लाकूड गेलं, जुना साग संपला, तेव्हा सरकारला जंगलाची माया आली. कोवळा साग राखायचा ठरला आणि फर्मान निघालं: पाडा जंगल सांभाळील तर पाड्याची ढोरं जंगलात फुकट चरतील. वणवा लागला तर लावणाऱ्याला हजर करा. माणूस दिला नाहीत तर साऱ्या पाड्याची चराई बंद. लावणारा एक, उपाशी मरणार सगळ्यांची ढोरं. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं होतं कोण जाणे, पण युक्ती नामी होती. साहेबाला पहारेकरी ठेवायला नकोत, लोकच एकमेकांच्या मानेवर बसणार.

त्या वर्षी होळीच्या आसपास पाड्याचा कारभारी जामसिंग, रेवाबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, आपल्या मोहाखाली पाचोळा जाळायला गेला. पाड्यात सगळ्यांत जास्त ढोरं त्याची. मोठा माणूस, पट्टा काढायचा त्याला कंटाळा. आग लावली नि ताडी प्यायला गेला. वारा फिरला. संध्याकाळपर्यंत डोंगराची एक कूस काळी पडली, कोवळा साग होरपळला.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याचा शिपाई हिलाल आला. कोरीटकडचा गडी, बोलणं अहिराणी.

"साहेब खांडबाराले येल शे," तो म्हणाला. "आग कोन लायी, आजच नाव पाहिजे. नही ते चराई बंद. मन्हा हातमा काही नही."

हिलाल पाणी प्यायला गेला आणि चिंचेखाली पंच बसले. आग कुणी लावली हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कारभाऱ्याचं नाव घ्यायचं कुणी? मग एकेका घराचा विचार सुरू झाला. ह्याच्याकडे बैल, त्याच्याकडे दुभती गाय. माणूस आत गेला तर ढोरांकडे बघणार कोण? फिरत फिरत विचार शेवटच्या झोपडीपाशी आला आणि तिथंच थांबला.

जामसिंग स्वतः गेला. बरोबर बायको, मोगराबाई.

"भाबी, तुला ढोर नाही. चराई बंद झाली तरी तुझं काय जातंय?"

"काही जात नाही. मग मी कशाला जाऊ?"

"तसं नाही गं. आमच्यातला कुणी गेला तर मागं गोठा ओस. तुझ्या मागं काय आहे? विस्कटायला काही नाहीच."

म्हणजे बाईच्या मागं काही नाही, हाच तिचा गुन्हा. वा रे न्याय! पण जामसिंग मुरलेला गडी. त्यानं गूळ लावला: दर वर्षी दर घरातून एक टोपलं मोह रेवाबाईच्या कणगीत. मोगराबाईनं वाघदेवाची शपथ घेतली.

रेवाबाई काही देवमाणूस नव्हती, उगाच कशाला खोटं बोला. तिच्या डोळ्यांपुढे टोपल्यांची रांग लागली. जन्मात भरली नव्हती अशी काठोकाठ कणगी दिसली आणि तिला हाव सुटली. उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि हिलालपुढे जाऊन म्हणाली, "मी लावली."

शिक्षा झाली. कोठडीतून सुटून ती परत आली तेव्हा भात कापणीला आलं होतं. कणगीत हात घातला तर तळाशी उंदरांच्या लेंड्या. ती दारोदार फिरली. पहिल्या घरी म्हणाले, "आम्हाला वाटलं शेजारच्यांनी दिलं असेल." शेजारी म्हणाले, "आधी कारभारी देईल, मग आम्ही." मोगराबाई म्हणाली, "इतक्या घरांनी दिल्यावर आमचं एक टोपलं कुठं मोजतेस?" प्रत्येक घर दुसऱ्या घराच्या भरवशावर गप्प बसलं होतं. एकानंही दिलं नव्हतं. एवढंसुद्धा नाही!

त्याच्यावर आणखी कडी. जंगल जाळणाऱ्याला जंगलात पाय ठेवायची बंदी, ही शिक्षेतच होती. आत जाताना हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा मोह जंगलात, ती बाहेर. फुलं सडू नयेत म्हणून, म्हणे, जामसिंगच्या घरानं तो मोह वेचायला घेतला होता.

तिनं दारात बसून जामसिंगच्या सात पिढ्या उद्धारल्या. ऐकायला मात्र कुणी थांबलं नाही.

जगायला काहीतरी हवंच. खांडबाऱ्याजवळ पौलस नावाचा ख्रिस्ती शेतकरी होता. त्याच्याकडे एक म्हातारी गाय होती. तो म्हणाला, "बाई, सांभाळ हिला. पहिलं वासरू तुझं, पुढची माझी." रेवाबाईनं गाय घरी आणली. दिवसा स्टेशनावर लाकडं चढवायची, येताना डोक्यावर शेताच्या बांधांवरचं गवत. स्वतः अंबाडीच्या पाल्यावर राहिली, गाईला उपाशी ठेवलं नाही. गाय व्याली. कालवड झाली, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. तिनं नाव ठेवलं टिकली. दूध तुटल्यावर गाय पौलसकडे परत गेली आणि कालवड राहिली.

काय तो बाईचा तोरा! बंदी बाईला होती, कालवडीला नव्हती. पाड्याच्या कळपाबरोबर टिकली सरकारी जंगलात चरायला जायची, आणि रेवाबाई जंगलाच्या हद्दीवर उभी राहून गुराख्याला ओरडायची, "माझीला मागं ठेवू नको रे, मोठी ढोरं शिंगं मारतात!" पंचांच्या बैठकीत ती पुढे येऊन बसू लागली. कुणी हटकलं की म्हणायची, "मीपण ढोरवाली आहे."

इकडे पाडा मात्र सोकावला होता. वणवा एका बाईवर भागतो आणि बाईला टोपलंही द्यावं लागत नाही, हे एकदा कळल्यावर पट्टा काढतो कोण! फाल्गुनात जिकडे तिकडे नुसता धूर. व्हायचं तेच झालं. मोगराबाईनं मोहाखाली आग लावली आणि घरी भाकऱ्या थापायला आली. मोह कुठला? रेवाबाईचा. ह्या खेपेला झाडही वाचलं नाही. बुंध्याच्या ढोलीत आग शिरली आणि तो मोह रात्रभर आतून जळत राहिला.

सकाळी हिलाल आला, तेच बोलून गेला आणि चिंचेखाली जाऊन बसला. आता पंचांना विचारही करावा लागला नाही. सगळे सरळ रेवाबाईच्या दारात.

"आग कुठल्या मोहाखाली लागली?" जामसिंगनं साळसूदपणे विचारलं. "तुझ्या. मग लावली कुणी?"

"माझा मोह?" रेवाबाई कडाडली. "फुलं खाताना तुमचा नि जळल्यावर माझा? तुझ्या बायकोला विचार, मेल्या! आणि मला नाही जायचं. तुम्हीच म्हणाला होता, जिला ढोर नाही तिनं जावं. ही बघा!" तिनं खुंट्याला बांधलेल्या टिकलीकडे हात केला.

खरंच होतं की! पंच एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, कारण आता पाळी कुणाची हे कुणालाच सांगता येईना.

जामसिंग पुढे झाला. त्यानं खाली वाकून दाव्याची गाठ सोडली, टिकलीला ओढत नेलं आणि वाटेवर उभ्या असलेल्या आपल्या कळपात सोडून दिलं. मग हात झटकत परत आला.

"आता नाही," तो म्हणाला.

रेवाबाईनं पंचांकडे पाहिलं. एकजण तरी तोंड उघडेल असं तिला वाटलं. एकानं पायातला काटा काढायला घेतला. दुसरा खोकला. सगळ्यांची सुटका झाली होती, ती चेहऱ्यांवर दिसत होती. मोगराबाई तेवढी म्हणाली, "ह्या वेळी टोपलं नक्की देऊ हं, भाबी."

कुणीतरी जाऊन हिलालला बोलावून आणलं. तो दारापाशी आला. "बाई, आग तूच लायी का?"

मोगराबाईचं नाव तिच्या ओठांवर होतं. पण कारभाऱ्याच्या बायकोचं नाव एकट्या बाईच्या तोंडून कोण मानणार? साहेब म्हणेल, पाडा माणूस देत नाही, आणि चराई बंद. डोळ्यांपुढे कळप डोंगराकडे वळत होता. मोठ्या ढोरांच्या पायांत एक तांबडं पिल्लू धडपडत चाललं होतं. चराई बंद झाली तर जामसिंग आधी आपले बैल जगवील. दुसऱ्याच्या कालवडीच्या तोंडात गवताची काडी कोण घालणार?

"हो," रेवाबाई म्हणाली. "मीच लावली."

पाड्यानं श्वास सोडला. हिलाल पुढे निघाला, ती मागं. जामसिंगसमोरून जाताना ती थांबली.

"तिला मागं ठेवू नको," ती म्हणाली. "मोठी ढोरं शिंगं मारतात."

उताराच्या वळणावरून तिनं एकदा मागं वळून बघितलं. जंगलाच्या कडेला कळप पसरला होता आणि टिकली मान खाली घालून चरत होती.