गाण्यातून काढलेलं नाव

सत्यशीला मंठा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. बोलणं इतकं हळू, की मागच्या रांगेतली पोरं आपणहून पुढे सरकून बसतात. ही बाई एके काळी जालन्याच्या एका बँडमध्ये गळ्याच्या शिरा ताणून गायची, हे शाळेत कितीतरी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

तिचं गाव वडीगोद्रीच्या पुढं, डाव्या कालव्याच्या काठाला. वडील कडूबा शेतमजुरी करायचे आणि गायन पार्टी चालवायचे. एप्रिल आला की त्यांना घर सापडायचं नाही. आज अंबड, उद्या घनसावंगी, परवा परतूर. जयंतीच्या स्टेजवर कडूबा उभे राहिले की पेटीवाल्याला सूर वर चढवावा लागायचा, असा आवाज. सत्यशीला आणि तिची धाकटी बहीण दीपमाला दोघी मागं कोरसला. चुलतभाऊ राजानंद ढोलकीला.

दीपमाला बारा वर्षांची असताना गेली. दोघी बहिणी गोधड्या धुवायला कालव्यावर गेल्या होत्या. पाण्याची पाळी सुटलेली, कालवा काठोकाठ वाहत होता. ओली गोधडी जड झाली, हातातून सुटली, ती धरायला दीपमाला एक पायरी खाली उतरली आणि शेवाळावरून घसरली. सत्यशीला सोळाची होती. तिला पोहता येत नव्हतं. ती काठानं बहिणीचं नाव घेत धावत सुटली. वावरात काम करणाऱ्या लोकांनी नंतर सांगितलं, की तो आवाज माणसाचा आहे हे त्यांना आधी कळलंच नाही. पोरगी सापडली ती पार खालच्या गेटाला, दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर कडूबांनी दीपमालाचं नाव घेतलं नाही. गाणं सोडलं नाही, पण घरात ते नाव बंद झालं. आई चार वर्षांत झिजून गेली, तीही ते नाव न घेता. सत्यशीलाला कुणी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं अनेकदा वाटलं.

डी.एड.साठी ती जालन्यात आली. राजानंद तोवर एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागला होता आणि ढोलकी सोडून ड्रम वाजवायला लागला होता. मुकुंद नावाच्या एका मुलाबरोबर त्याचं जमलं होतं. मुकुंद प्राध्यापकाच्या घरातला, जुन्या जालन्यातला, डोक्यात चोवीस तास गिटार. बेस गिटारवर संपत होता, त्याच्या घरचा बियाण्यांचा धंदा. मिलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यांची तालीम चाले, कारण बाजूला सळया कापण्याचा इतका आवाज असे, की यांच्या आवाजाची तक्रार करायला कुणी शिल्लकच राहत नसे. बँडचं नावही त्यावरूनच पडलं, सळई.

त्यांचं संगीत प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्या जातीचं. गाणं दहा-बारा मिनिटांचं, मध्येच ताल बदलणारं, सात मात्रांत चाललेलं अचानक पाचांत शिरणारं, गिटारचा आवाज भट्टीसारखा, आणि गळा कधी गाणारा तर कधी गुरगुरणारा. राजानंदनं सत्यशीलाला एका रविवारी तिथं नेलं, तेही नुसतं ऐकायला. मुकुंदनं तिला माइक दिला आणि काहीही म्हण म्हणाला. तिला जयंतीची गाणी येत होती. पण त्या गोंगाटात उभं राहिल्यावर तिच्या तोंडून गाणं निघालं नाही. कालव्याच्या काठावरचा तोच आवाज निघाला. राजानंदचे हात थांबले. त्यानं तो आवाज ओळखला होता. मुकुंदला काही माहीत नव्हतं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, की हे परत करता येईल का.

परत करता आलं. पुढं वर्षानुवर्षं, दर रविवारी ती ते करत राहिली. 'डावा कालवा' हे चौदा मिनिटांचं गाणं तिथंच उभं राहिलं. शब्द तिचे, चाल मुकुंदची. शेवटच्या चार मिनिटांत शब्द संपायचे आणि एकच नाव राहायचं. घरात जे नाव घेता येत नव्हतं ते ती त्या पत्र्याच्या शेडमध्ये मनसोक्त घ्यायची, आणि घाम पुसून शांत मनानं मंठ्याची बस पकडायची. तोवर तिला तिथं नोकरी लागली होती.

बाकी बँडचं काही झालं नाही. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्या गाण्यालाच साउंड बंद केला गेला. राजूरला चतुर्थीच्या कार्यक्रमात लोकांनी नाचायचं काहीतरी लावा म्हणून गलका केला. पुण्यातल्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, तुम्ही वाजवता चांगलं, पण ही भाषा या संगीताला मानवत नाही. चौघांनी पदरमोड करून एक अल्बम रेकॉर्ड केला, इंटरनेटवर टाकला, तो कुणी ऐकला नाही. संपत दुकानात बसायला लागला. मुकुंद पुण्यात नोकरीला गेला आणि त्याचं बोलणं कडवट होत गेलं. ही धूळ झटकून आपण कधी वर येणार, असं तो फोनवर म्हणायचा. सत्यशीला त्याची समजूत काढायची, पण तिच्या मनात खंत अशी नव्हतीच. कुणी ऐकत नव्हतं हेच तिच्या सोयीचं होतं. ती शेड, ते तिघं आणि शेजारचा मिलचा खडखडाट. त्यापलीकडे कुणी ऐकावं असं तिला कधी वाटलंच नाही. हे तिनं मुकुंदला सांगितलं नाही. त्याला ते समजलं नसतं.

मग एका वर्षी, अल्बमला सगळे विसरले असताना, फिनलंडमधल्या एका रेडिओवाल्यानं 'डावा कालवा' पूर्ण चौदा मिनिटं वाजवला. तिथल्या एका छोट्या कंपनीनं रेकॉर्ड नव्यानं काढायचं ठरवलं. परदेशी मासिकांत लिहून आलं, की भारतातल्या एका लोखंडाच्या गावात इतकी वर्षं हे पडून होतं आणि आम्हाला कसं कळलं नाही. मागोमाग पुणे-मुंबईच्या वर्तमानपत्रांना जालना आठवलं. मुकुंदनं नोकरी सोडली. फोनवर तो रडत होता. सत्यशीलालाही त्या दिवशी खरोखर आनंद झाला. तिनं राजानंदच्या घरी जाऊन पेढे दिले.

पण गाणं चौदा मिनिटांचं असलं तरी फोनवर फिरत होते त्याचे शेवटचे काही सेकंद. तिची ती हाक. कुणी ती मोटारसायकलवरून पडणाऱ्या माणसाच्या व्हिडिओला लावली, कुणी शंकरपटाच्या शर्यतीत उधळलेल्या बैलाला. एक दिवस मधल्या सुट्टीत तिच्या वर्गातली पोरं मैदानात पाठशिवणी खेळताना एकमेकांच्या मागं तीच हाक मारत पळताना दिसली. दीऽऽपमाला. हसत होती पोरं. मुख्याध्यापक साहेबरावांनी कौतुकानं विचारलं, की हा तुमचाच आवाज म्हणतात, खरं आहे का. ती हो म्हणाली आणि वर्गात जाऊन फळा पुसत राहिली. फळा कोराच होता.

पुण्यात मोठ्या मैदानावर कार्यक्रम ठरला. तिकिटं सगळी संपली. राजानंदला अभिमानानं राहवेना. तो गावी गेला आणि कडूबांना घेऊनच आला. म्हणाला, काका, तुमच्या पोरीला ऐकायला सगळं पुणं येऊन राह्यलंय, अन् तुम्हीच न्हाई? सत्यशीलाला हे कळलं तेव्हा ते गाडीत बसून आले होते. कडूबांनी तिचं बँडमधलं गाणं आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, शेडच्या दारातून, आणि गळ्याला जप एवढंच बोलून निघून गेले होते. त्या गुरगुरण्यातून त्यांना एकही शब्द लागला नव्हता.

मैदानावर मात्र शब्द लागायला अडचण नव्हती. 'डावा कालवा' शेवटाला आला आणि सत्यशीलानं तोंड उघडण्याआधीच समोरच्या गर्दीनं नाव घेतलं. हजारो गळ्यांनी, एका तालात, फोन उंच धरून. पोरंपोरी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत होती. ती कालव्याच्या काठावर एकटी होती तेव्हा एकही माणूस हाकेला ओ देत नव्हता. आता सगळं मैदान ओ देत होतं आणि तिला तिचाच आवाज ऐकू येईना. तिनं गाणं पूर्ण केलं. मुकुंदनं तिला मिठी मारली. तिनं बाजूच्या खुर्च्यांकडे पाहिलं तर कडूबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत, नगर मागं पडल्यावर, खिडकीकडे तोंड करूनच ते बोलले.

"लोक हसून राह्यलते, शीला. तिचं नाव घेता घेता हसून राह्यलते."

ती म्हणाली, "त्यांना माहीत न्हाई ना दादा, कोण होती ते."

"मंग कशाला दिलं त्यांना?"

मी दिलं नाही, माझ्याकडून गेलं, असं काहीतरी तिला सांगावंसं वाटलं. पण शेजारी बाप पदराआड रडणाऱ्या बाईसारखा उपरण्यात तोंड लपवून बसला होता. त्याला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं, बहीण गेली तेव्हाही.

त्याच आठवड्यात तिनं मुकुंदला फोन करून बँड सोडत असल्याचं सांगितलं. तो आधी चिडला, मग त्यानं विनवण्या केल्या, मग म्हणाला की निदान एक परदेश दौरा कर. ती नाही म्हणाली. तिची एकच मागणी होती, की गाण्यातून ते नाव काढायचं.

"ते नाव म्हणजेच ते गाणं आहे, सत्यशीला," मुकुंद म्हणाला.

"मंग गाणं काढ."

त्यानं गाणं ठेवलं आणि नाव काढलं. माणूस वाईट नव्हता. राजानंदनं तोवर त्याला सगळं सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो हे कळल्यापासून त्याचीही झोप उडाली होती. तिच्या जागी संभाजीनगरची गंधाली आली. शास्त्रीय शिकलेली, तयारीची मुलगी. गाणं नव्यानं रेकॉर्ड करण्याआधी तिनं सत्यशीलाला फोन केला. म्हणाली, "ताई, त्या जागी मी काय म्हणू?"

"काहीच म्हणू नको," सत्यशीला म्हणाली. "वाजू दे नुसतं."

नव्या रेकॉर्डिंगला मोठं बक्षीस मिळालं. सळई जर्मनीत वाजली, जपानात वाजली. जालन्यात चौकाचौकांत त्यांचे बॅनर लागले, नगरपालिकेच्या मैदानावर सत्कार झाला. सत्यशीलालाही बोलावणं होतं. तिला दुसऱ्या रांगेत बसवलं, शाल दिली, सूत्रसंचालकानं तिचा उल्लेख बँडच्या जुन्या सहकारी असा केला. मिलच्या कामगारांनी राजानंदला खांद्यावर घेतलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. त्या मनापासूनच्या होत्या. पण घरी येताना तिच्या लक्षात आलं, की आता ते नाव मोठ्यानं घ्यायला तिला जगात एकही जागा उरलेली नाही. शेड तर मिलवाल्यांनी केव्हाच पाडून गोदाम बांधलं होतं. रविवार मोकळे पडले होते. ती वह्या तपासायची, कपडे धुवायची, आणि दुपारी उगाच उठून बसायची.

वर्षभरानं दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली. कडूबा थकले होते, गायन पार्टी दुसऱ्यांच्या हाती गेली होती. राजानंदनं त्यांना एक मोबाइल घेऊन दिला होता आणि दर दौऱ्याचे व्हिडिओ पाठवत होता. संध्याकाळी ओट्यावर बसून ते 'डावा कालवा' ऐकत होते. सगळं ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. मग तिला हाक मारून विचारलं.

"ह्याच्यात दीपमालाचं नाव कुठंय?"

कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव आलं होतं. तिला क्षणभर त्याच्यापुढचं काही ऐकूच गेलं नाही. ते म्हणत होते, की पुण्याहून आल्यापासून ते त्याच गोष्टीवर विचार करत होते. आधी राग आल्ता. मंग वाटलं, हसून का होईना, एवढी माणसं तिचं नाव घेऊन राह्यलीत. आपण दोघं मेल्यावर कोण घेणार? तेव्हापासून ते प्रत्येक व्हिडिओ नावासाठी ऐकत होते, आणि नाव काही येत नव्हतं.

तुम्ही बोललात म्हणून मी काढायला लावलं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तिनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कंपनीवाल्यांनी काढलं असं सांगितलं.

"त्यांना सांग, घाला म्हणावं परत," कडूबा म्हणाले. "बापानं सांगितलंय म्हण."

तिनं घरामागं जाऊन मुकुंदला फोन लावला. तो परदेशात होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं सांगितलं, की गंधाली नाव घ्यायला तयार होईल, तो प्रश्न नाही. पण त्या रिकाम्या जागेत आता लोक टाळ्या वाजवतात. कुठंही गेलं तरी वाजवतात, कुणी सुरू केलं ठाऊक नाही. मागच्या महिन्यात त्यानं स्वतःच एकदा, सत्यशीलाला न विचारता, गंधालीला नाव घ्यायला लावलं होतं. टाळ्यांत ते ऐकूच गेलं नाही.

ओट्यावर परत येऊन तिनं वडिलांना सांगितलं, की पुढच्या वेळी घालणार आहेत. ते बरं म्हणाले.

राजानंद अजून व्हिडिओ पाठवतो. नवा आला की कडूबा ओट्यावर बसून लक्ष देऊन ऐकतात. त्या जागेला टाळ्या सुरू होतात, ते थोडं थांबतात, आणि पुढचं न ऐकता फोन बाजूला ठेवून देतात. सत्यशीला सुट्टीत गावी असली, तर त्या वेळी आत जाऊन स्वयंपाकाला लागते.