दुसऱ्याच्या नावाची जर्सी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, लहान मुलांना पळवून नेणारी माणसं समोर बसवून जबाब घेतले. तरी आजही ज्याची आठवण निघाली की माझा आवाज चढतो, ते प्रकरण बास्केटबॉलचं आहे. घरचे म्हणतात, खेळातल्या भानगडीचा एवढा काय राग! त्यांना सगळं सांगून झालं आहे. आता इथे सांगतो. नाव कोणाचंच देणार नाही.

सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे शारजाला राहायला गेलो. तिकडच्या भारतीय खासगी कॉलेजांची एक बास्केटबॉल लीग आहे. तिच्या समितीला तक्रारींची चौकशी करणारा माणूस हवा होता, मुलाने माझं नाव सुचवलं. पोलीस ठाणं नाही, स्टेशन डायरी नाही, हाताखाली हवालदार नाही, अटकेचा अधिकार तर नाहीच. एक छोटी खोली आणि प्रश्न विचारायची परवानगी, एवढ्यावर काम करायचं होतं. लीगचा मुख्य नियम असा, की खेळाडू त्या कॉलेजचा नियमित विद्यार्थी हवा. सामन्यापुरता बाहेरून आणलेला चालणार नाही. खरं सांगायचं तर मला तो नियम कारकुनी वाटला होता.

सेमीफायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बोलणारे गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे, हमरिया फ्री झोनमध्ये जहाजांच्या सुट्या भागांचा त्यांचा व्यापार. त्यांची मुलगी सेमीफायनल जिंकलेल्या कॉलेजात शिकत होती.

"साहेब, काल मॅचला गेलेलो. पोरीच्या कॉलेजचा तो उंच पोरगा पडला. गुडघा धरून ओरडत होता हो! ॲम्ब्युलन्स पुढच्या दारात उभी, आणि याला मागच्या गेटने कोचच्या गाडीत कोंबला. असं का, सांगा?"

"घाई असेल."

"घाई कसली? आमची पोरगी काय म्हणते ते ऐका." त्यांनी फोन मुलीकडे दिला.

"अंकल, अनाउन्सर जे नाव घेत होता ना, तो मुलगा माझ्या क्लासमध्ये होता. ही लेफ्ट लास्ट सेमिस्टर. इंडियाला गेला तो. धिस इज नॉट हिम."

खबर देणाऱ्याला त्यातून काय मिळणार, हे पोलीस आधी पाहतो. या गृहस्थांना काहीच मिळणार नव्हतं. उलट मुलगी त्याच कॉलेजात होती, तिला त्रास व्हायची भीती होती. अशी खबर सहसा खरी निघते.

मी प्रथम कोचला बोलावलं. तो हसतच आत आला.

"सर, साधा स्प्रेन आहे. ट्रीटमेंटसाठी इंडियाला पाठवलं त्याला."

"कधी?"

"कालच."

"गुडघा धरून ओरडणारा माणूस त्याच दिवशी विमानात बसला?"

त्याचं हसू जरा कमी झालं. "सर, विथ रिस्पेक्ट, तुम्ही आता पोलीस नाही."

"म्हणूनच तुम्हाला चहा विचारतोय," मी म्हटलं. त्याने चहा घेतला नाही.

मग संघाचा कॅप्टन. आईवडील पुण्याचे, तो मात्र जन्मापासून दुबईत वाढलेला. मी मराठीत विचारायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. प्रत्येक उत्तर एकच, "आय डोन्ट नो, सर." पाठ करून आलेल्या माणसाला प्रश्न विचारत राहिलं तर त्याला सोपं जातं. मी प्रश्न बंद केले. तो बुटाच्या नाड्या सोडत-बांधत बसला. मग मी एवढंच म्हणालो, "तो पडला तेव्हा सगळ्यात आधी तू धावलास म्हणे."

तो एकदम रडायला लागला.

"सर, वुई लेफ्ट हिम ॲट द गेट! हॉस्पिटलला एमिरेट्स आयडी दाखवावी लागते. आयडीवर त्याचं खरं नाव. कोच म्हणाला, टीम डिस्क्वालिफाय होईल, खलास. यल्ला, चला, याला रूमवर सोडा. ही वॉज क्राइंग, सर."

"कुठल्या गेटवर सोडलं?"

"मुहैस्नाह. लेबर कॅम्प."

रविवारी दुपारी ते रत्नागिरीकर मला त्यांच्या गाडीतून मुहैस्नाहला घेऊन गेले. गेटवरच्या रखवालदाराने विचारलं, "किससे मिलना है?" रत्नागिरीकरांनी बेधडक सांगितलं, "हमारा गाववाला है, बीमार है." आम्हाला आत सोडलं.

एका खोलीत खालच्या बंकवर तो पडला होता. पाय पलंगाबाहेर आलेले. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, त्यावर ओला टॉवेल. मेसमधला बर्फ खोलीतले सोबती आळीपाळीने आणून देत होते. कंपनीच्या क्लिनिकमध्ये त्याने बाथरूममध्ये घसरलो असं सांगितलं होतं, आणि तो वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढत होता.

मी मराठीत बोललो तसा तो उठायला लागला. मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. सांगली जिल्ह्यातला मुलगा. तालुक्याच्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचा. वडिलांना अर्धांगवायू झाला, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं, आणि तो इथे इमारतींना परांच्या बांधायच्या कामावर आला. कामगारांच्या सुट्टीच्या स्पर्धेत कोचने त्याला हेरलं.

"दुसऱ्याच्या नावावर का खेळलास?"

"कोच सर म्हणाले, एक सीझन या नावावर खेळ. पुढच्या सेमिस्टरला तुझं ॲडमिशन, फी माफ. माझं दुसरं वर्ष राहिलंय ना, साहेब." मग जरा उत्साहाने म्हणाला, "संध्याकाळचे क्लास आहेत ना तिथं? मी फोरमनला विचारून ठेवलंय. तो मला सकाळची ड्यूटी लावणार आहे."

त्या कॉलेजात संध्याकाळचे वर्गच नव्हते. त्याच्या ॲडमिशनसाठी कोणी बोटही हलवलं नव्हतं. रत्नागिरीकर उठून खोलीबाहेर गेले. मी त्या मुलासमोर बसून राहिलो. मला भयंकर राग आला होता. ज्याचं शिक्षण अर्धवट राहिलं त्यालाच शिक्षणाचं आमिष दाखवायचं, सीझनभर उड्या मारवून घ्यायच्या आणि पाय मोडला की गेटवर टाकून निघून यायचं! आणि हे करणारी माणसं स्वतःला शिक्षणसंस्था म्हणवून घेतात.

त्याच दिवशी आम्ही त्याला त्याच्या खऱ्या नावाने हॉस्पिटलात दाखवलं. लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशन लागणार होतं. तो एकच विनंती करत होता, "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. कंपनीला कळलं तर परतीचं तिकीट हातात ठेवतील." मी तसा शब्द दिला.

मी प्राचार्यांना भेटलो. उंची ऑफिस, काचेच्या कपाटात चषक.

"साहेब, बाहेरचे प्लेयर सगळेच आणतात," ते म्हणाले. "टीम जिंकली की मुलं ॲडमिशन घेतात. आणि त्या मुलालाही चांगल्या कोर्टवर खेळायला मिळालंच की! हबीबी, आपसात मिटवू या. ट्रीटमेंटचं बघू, इन्शाल्ला."

"तुमच्या मुलाचा गुडघा असता तर मागच्या गेटने नेला असता का?"

त्यांनी फोन उचलला आणि उगाचच स्क्रीनवर बोट फिरवू लागले. मी उठलो.

समितीपुढे सुनावणी झाली. मी सगळा प्रकार मांडला, पण मुलाचं नाव घेतलं नाही. कोचला हे हवंच होतं. "कोण प्लेयर? नाव सांगा ना! नाव नाही, माणूस नाही, मग तक्रार कसली?" समितीतले दोघे मान डोलवायला लागले. मी शब्द दिलेला होता. तोंड उघडलं तर त्या मुलाची रोजीरोटी जाणार, गप्प बसलो तर प्रकरण तिथेच गाडलं जाणार.

तेवढ्यात दार उघडलं. कुबड्यांवर तो आला, मागे रत्नागिरीकर. मला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळीच तो स्वतः कंपनीच्या मॅनेजरला सगळं सांगून आला होता.

"माझं नाव लिहून घ्या," तो म्हणाला. स्वतःचं, वडिलांचं आणि गावाचं नाव त्याने स्पष्ट सांगितलं. "अख्खा सीझन बास्केट मी टाकले आणि टाळ्या दुसऱ्याच्या नावाला पडल्या. आता शिक्षा तरी माझ्या नावावर होऊ दे."

कॅप्टन बाहेरच्या बाकावर होता. तो आत आला, मुलाला खुर्ची दिली आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

संघ बाद झाला. कोचवर लीगने बंदी घातली. ऑपरेशनचा खर्च कॉलेजने करावा असं समितीने ठरवलं, आणि कॉलेजने पुष्कळ खळखळ करून तो केला. प्राचार्य आजही त्याच खुर्चीत आहेत. नियमाने त्या मुलावरही एका सीझनची बंदी आली. ती मला अजून बोचते, कारण त्याचा गुडघा पूर्ववत होणारच नव्हता. कंपनीच्या मॅनेजरने त्याला भरपूर झापलं, पण कामावरून काढलं नाही. पाय बरा होईपर्यंत स्टोअरमध्ये बसवलं. ज्यांना शिक्षण किंवा खेळाशी काही देणंघेणं नव्हतं, त्या बांधकाम कंपनीने कॉलेजपेक्षा जास्त माणुसकी दाखवली. पुढे त्याने दूरशिक्षणाने दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली.

काही महिन्यांनी एका मॉलमध्ये कोच समोर आला. आता एका खासगी अकॅडमीत मुलं निवडतो म्हणाला. हात पुढे करून, "सर, नो हार्ड फीलिंग्स ना?" मी हात दिला नाही. बायको म्हणाली, चारचौघांत बरं दिसत नाही. नसेल दिसत.

चोर पकडला की तो निदान मान खाली घालतो. त्या प्रकरणात शरम वाटत होती ती फक्त दोन पोरांना. नियमित विद्यार्थ्याचा नियम कशासाठी असतो हे मला तेव्हा कळलं. खेळाडू वर्गातला असला की तो कोणाचा तरी असतो, आजारी पडला तर त्याची विचारपूस करणं कोणाचं तरी काम असतं. नियम मोडणारे सगळ्यात आधी ती जबाबदारी झटकतात. म्हणून हल्ली कोणी पालक मला सांगतात, की अमुक कॉलेजचा कोच घरी आला होता, मुलाला फी माफ करतो म्हणाला, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट विचारायला सांगतो. मुलगा कोर्टवर पडला तर त्याला कुठे नेणार, कोणाच्या नावाने नेणार, आणि सोबत कोण थांबणार? उत्तर द्यायला तो अडखळला, तर त्याला दारापर्यंत पोहोचवून या.