नळाच्या दिवशी बंद केलेला कुकर

पडेगावच्या सांडूला कुणी विचारलं, कामाला काय करतोस, तर तो सांगायचा, "कुकर लावतो." खोटं नव्हतं, फक्त त्याच्या कुकरात एक अख्खा माणूस मावला असता. तो कामाला होता त्या प्रयोगशाळेत जीवाणूंना उसाची मळी खाऊ घालत. शास्त्रज्ञांनी त्यांच्यात असा काही बदल केला होता, की मळी खाऊन ते रॉकेटचं इंधन बनवत. पण भलते जंतू मळीत राहिले, तर सगळं मातीत. म्हणून ती आधी कुकरात पाऊण तास ठेवायची. बारा वर्षं ते काम सांडूचं.

एका मंगळवारी दुपारी बायकोचा, सारजाबाईचा, फोन आला. "अहो, नळ आलाय! मोटर पाणी ओढंना. लवकर या."

पाणी दहाव्या दिवशी आलं होतं. आता तुम्हीच सांगा, या शहरात नळ आल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? सांडूनं वीस मिनिटांतच कुकर बंद केला.

"काका, पाऊण तास झाला ना?" तनुजानं विचारलं. वर्षभर वाढवलेले जीवाणू या नव्या संशोधक पोरीला आज मळीत सोडायचे होते.

"व्हय व्हय, झाला की!"

वर तिनंच त्याला आपली स्कूटी दिली.

घरची टाकी भरली. प्रयोगशाळेतली, जीवाणू सोडलेली मळीची टाकी चौथ्या दिवशी नासली.

"हाताची स्वच्छता नाही तुझ्या," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या श्रीरंग सरांनी सगळ्यांदेखत तनुजाला झापलं, आणि इंधनाच्या कामावरून काढलं. सांडू तिथंच उभा. अरे लबाडा, एक शब्द बोलायचा होता! नोकरीच्या भीतीनं गिळून बसला. घरी सारजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, की त्याला लई लाज वाटायची. पोरीचं वाटोळं केलं आपण, एवढंच डोक्यात.

दोन महिन्यांनी तनुजा राजीनामा हातात घेऊन निरोपाला आली. बोटांची सालं निघालेली.

"इतके हात घासते काका, तरी काय चुकलं ते कळलंच नाही."

सांडूला राहवेना. "पोरी, तुझे हात साफच होते. कुकर मी आधी बंद केला. पाणी आलं होतं घरी."

"किती मिनिटं दिलीत?"

"वीस."

तिनं आपल्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाली, "दोन महिने मला रोज बघत होतात तुम्ही."

सांडूनं तिच्या हातातला राजीनामा घेतला आणि सगळं कबूल करायला सरांच्या खोलीकडं निघाला. ती मागं आली नाही.