डिपार्टमेंटचा लेसर

सोलापुरात सात रस्त्याला आम्ही रिटायर्ड प्राध्यापक चहाला जमलो की फिजिक्स डिपार्टमेंटचे किस्से निघतातच. एक संपेपर्यंत दुसरा आठवतो. बाकीचे पोट धरून हसतात. मला मात्र अलीकडे हसू येत नाही. कारण बरेचसे किस्से माझेच आहेत!

सत्तरच्या दशकात मी बंगलोरच्या ट्रेनिंगहून परतलो तो एक सेमीकंडक्टर लेसर घेऊनच. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक! मग काय, गावोगाव भाषणं. बार्शीत मी गरजलो, "केसाएवढ्या काचेच्या तारेतून, नुसत्या उजेडावर, एका वेळी हजारो फोन जातील!"

मागून एक धोतरवाले गृहस्थ उठले. "साहेब, सोलापूरला सकाळपास्नं ट्रंक कॉल लागंना. तेवढा एक लावून देता का?"

हॉल हसला. मीही म्हणालो, "काका, अजून वीस वर्षं थांबा!" टाळ्या पडल्या.

निघताना कळलं, त्यांची मुलगी सोलापूरला दवाखान्यात होती.

*

एकदा प्राचार्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. इकडे माइक, तिकडे स्पीकर, आणि मधे लेसरचा डोळ्यांना न दिसणारा उजेड. त्याच्यावरून आवाज पोचवायचा. ऐन वेळी फजिती नको, म्हणून मी टेबलाखालून गुपचूप एक वायर टाकून ठेवली. आवाज खणखणीत आला. प्राचार्य खूश!

तेवढ्यात एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मधे हात धरला तरी आवाज येतोय की!"

"हीच तर लेसरची ताकद!" मी ठोकून दिलं.

पोरीनं ते वहीत लिहून घेतलं.

*

आणि तो लेसर जळाला तो दिवस. घाईत करंट जास्त सोडला मीच. लॅबमध्ये मी आणि आमचे अटेंडंट येल्लप्पा, दोघंच. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस.

हेड आले. "कुणी केलं हे?"

मी येल्लप्पांकडे बघितलं.

"माजाच हात लागला आसंल, सर," ते म्हणाले.

त्यांना मेमो मिळाला. मी मात्र त्यांनी आणलेला चहा रोज पीत राहिलो.

वर्षभरानं दुसरा लेसर आला. जोडायला घेतला आणि तसाच खाली ठेवला. म्हटलं, "येल्लप्पा, तुम्हीच जोडा."

त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"न्हाय सर. तुमीच जोडा. मी हाय की हितं!"