रिठ्याचं पाणी आणि जीपचे बुश

परवा नात अंगणात तिच्या गाडीचे झिजलेले बुश बदलत होती. नवं रबर तिनं साबणाच्या पाण्यात बुडवलं, अन् त्या ओल्या वासानं मी थेट सुलतानपूरच्या सासरी पोचले, लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

माहेरी जायचं म्हणून ट्रंक भरून मी ओट्यावर बसले होते, अन् आमचे हे जीपखाली. चाकांवरच्या लोखंडी कमानपाट्यांच्या टोकांत बसणारे रबरी बुश पार झिजले होते आणि नवा काही केल्या आत जाईना.

"आज होत नाही. उद्या जाऊ," हे खालूनच म्हणाले.

झालं! जगबुडी आल्यासारखी रडले मी, रडूबाई. मग रागारागानं, न्हाण्यासाठी भिजवलेल्या रिठ्याचं तांब्याभर पाणी त्या बुशावर ओतलं. फेस आला अन् बुश सर्रकन आत गेला.

सासूबाई यांना म्हणाल्या, "काऊन रे, सून आणली का मिस्तरी?"

त्या कौतुकानं मी अशी फुगले, की पदर खोचून सरळ यांच्या शेजारी जीपखाली शिरले. कोपराला कोपर लागत होतं, दोघं ग्रीसनं काळे. दुपारी हे म्हणाले, "झालं. चाल, सोडून देतो तुले."

"त्या बाजूचे राह्यले ना?"

"ते चांगले हायेत."

"असू द्या. तेही बदलू."

माहेरी पोचले ती दुसऱ्या दिवशी. आईनं उशिराचं कारण विचारलं, तर मी बिचारं तोंड करून सांगितलं, "काय करू, यांले गाडीच दुरुस्त करता येईना!"